अकरा दिवसांची ऊब

१

"मॅडम, ऊब चोरायची असेल तर ती कशात घालून न्यायची?"

हा प्रश्न माझा नाही. चष्मी आणि वकील या माझ्या दोन मैत्रिणींनी पैज लावली होती की मी तो नव्या इंजिनिअर मॅडमना तोंडावर विचारणार नाही. गेल्या वर्षीपर्यंत मी हजेरीला 'हजर'सुद्धा पुढच्या मुलीच्या वेणीला सांगायचे, त्यामुळे जिंकणार अशी त्यांना खात्रीच होती. पण यंदा मला कंठ फुटलाय. विचारलं.

मॅडम हसल्या नाहीत. त्या इंजिनच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, हातात बाबांचे बूट आणि बाबांचा डबा. आतून इंजिनची घरघर येत होती आणि पायाखालची फरशी मांजरीच्या पोटासारखी थरथरत होती.

"हे विचारायला तुला कुणी सांगितलं?"

"या दोघींनी." मी मागे बोट दाखवलं. दोघी केव्हाच सायकलींच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, जशी काही आमची ओळखच नाही.

"ऊब खिशात घालून नेता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण ती जाते. आमची आज अकरा दिवस जातेय. आणि तुझे बाबा रोज सकाळी वहीत लिहून देतात की ती जात नाहीये."

मी बूट घेतले. बूट जड होते. सकाळी बाबांना घरी पाठवलं होतं, शनिवारी दहा वाजेपर्यंत येऊ नका म्हणून. शाळेत मधल्या सुट्टीपर्यंत बातमी पोचली होती की ते गरम पाणी चोरून विकतात. गरम पाणी. कोण विकत घेतं गरम पाणी, हे कुणी सांगेना.

"शनिवारी काय होणार?"

"मोठे साहेब येणार. तोवर उलगडलं नाही तर मला एक नाव लिहून द्यावं लागेल." त्या डब्याकडे बघत होत्या. "त्या नावाची नोकरी जाईल."

२

बाबांचा कारखाना म्हणजे हॉस्पिटलच्या मागची पत्र्याची एक खोली. खोलीत ट्रकएवढं इंजिन. ते गॅसवर चालतं आणि हॉस्पिटलसाठी वीज करतं. इंजिनचा धूर भयंकर तापलेला असतो. तो धुराड्यातून फुकट जाऊ नये म्हणून आधी एका मोठ्या लोखंडी पेटीतून नेतात. पेटीत नळ्या, नळ्यांत पाणी. तापलेलं पाणी धुलाई विभागात, स्वयंपाकघरात आणि पेशंटच्या आंघोळीला जातं. एकाच गॅसमध्ये वीजही आणि ऊबही. बाबा याला 'एका दगडात दोन पक्षी, आणि दोन्ही जिवंत' म्हणतात.

मॅडमनी मला हे सगळं तळहातावर बोटाने काढून दाखवलं. मी विचारलं म्हणूनच. एकदा विचारायला लागलं की माणसं सांगतात, हा माझा यंदाचा मोठा शोध आहे.

"गॅस तेवढाच जळतोय," त्या म्हणाल्या. "वीज तेवढीच मिळतेय. पाणी तेवढंच जातंय. फक्त ऐंशीच्या जागी पन्नास डिग्रीने. मी सहा दिवसांपूर्वी रुजू झाले आणि सहा दिवस मला झोप नाही. आज शेवटी स्वतः शिडीवर चढले. वर दोन काटे आहेत, एक पाण्याचा, एक धुराड्याचा. पाण्याचा पन्नास दाखवतो. धुराड्याचा मोडलाय, टोकाला जाऊन बसलाय. काचेवर टिचकी मारली, ढिम्म."

"आणि वहीत?"

त्यांनी वही उघडून समोर धरली. बाबांचं गोल, सरळ अक्षर. पाणी ऐंशी, धूर एकशे वीस. दुसऱ्या दिवशी: वरीलप्रमाणे. तिसऱ्या दिवशी: वरीलप्रमाणे. खाली अकरापर्यंत नुसतं वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, एकाखाली एक, प्रार्थनेला उभ्या केलेल्या मुलांसारखं.

"पहिल्या दिवशी, सोमवारी, पेटी साफ केली," मॅडम म्हणाल्या. "साफ करताना धूर पेटीत नको म्हणून आडवाटेने थेट धुराड्यात सोडतात. त्या आडवाटेला हे लोक बायपास म्हणतात. तिथे एक झडप आहे. काम झाल्यावर ती लावल्याची वहीत खूणही आहे. मला वाटतं, साफ करताना नळ्या फुटल्या असाव्यात आणि कुणीतरी लपवतंय."

"झडप बघितलीत?"

"बघितली. दांडा खाली आहे. खाली म्हणजे उघडी की बंद, हे तिथे रंगाने लिहिलेलं होतं म्हणे. ते कधीच पुसलं गेलंय."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात तेव्हा फक्त एकच गोष्ट होती. बाबा खोटं लिहीत नाहीत. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही करतानासुद्धा ते आधी सगळे गुण वाचतात.

३

बाबा घरी खुर्चीत बसले होते, उजवा पाय स्टुलावर. आई त्यांच्यासमोर मटार सोलत होती आणि काहीच बोलत नव्हती. आई गप्प असली की घरात जास्त आवाज होतो.

"बाबा, पेटीच्या नळ्या फुटल्या का?"

"नाही. मी स्वतः पेटीच्या खालच्या दारातून बॅटरी लावून पाहिल्या. आरशासारख्या लख्ख होत्या."

"मग झडप?"

"दोन वाजता माझी पाळी संपते. काम उरकायला तेवढेच वाजले. मी वहीत लिहिलं, 'साफसफाई झाली, बायपास लावणे.' दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बरोबरची खूण. झालं."

"लिहिलं कशाला? दुपारपाळीचे काका समोरच होते ना?"

आईने मटाराची शेंग जरा जोरात फोडली. "ते दोघं बोलत नाहीत."

"का?"

"खुर्चीवरून," आई म्हणाली. "इंजिनच्या खोलीत एकच बरी खुर्ची आहे. ती कुणीतरी खिडकीजवळ ओढली, कुणीतरी पुन्हा दाराजवळ. सात महिने झाले. दोन घोडे, पण अबोला शाळकरी पोरींसारखा."

"शाळकरी पोरी इतकं टिकवत नाहीत," मी म्हणाले.

बाबा हसले नाहीत. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू यात पडू नकोस."

पण मी पडलेच होते. बाबांनी लावायला सांगितलं, काकांनी खूण केली, तरी ऊब गायब. दोघांतला एक खोटं बोलत असणार. सात महिन्यांचा अबोला म्हणजे कारणही तयार. मला काका आवडतात, हीच काय ती अडचण होती.

४

शुक्रवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघी धुलाई विभागात गेलो. वकील म्हणाली, ज्याचं नुकसान झालं त्याची साक्ष आधी घ्यायची असते. ती कुठून शिकते कोण जाणे, पण ठासून बोलते.

धुलाईमावशींचे दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी होते. मागे चार यंत्रं गरगरत होती.

"मंगळवारपासून," त्या म्हणाल्या. "सोमवारी पाणीच बंद होतं, साफसफाई म्हणून. मंगळवारी आलं ते असं, तोंड धुवावं तसं. ऑपरेशनच्या चादरी यात धुवायच्या? माझ्या चादरी परत आल्या. तीस वर्षांत माझी चादर परत आलेली नाही."

"कुणाला सांगितलंत?"

त्यांनी हात पदराला पुसले. "तुझ्याच बाबांना, आणखी कुणाला? तीनदा फोन केला. तिन्ही वेळा म्हणाले, इथून ऐंशीने जातंय, तुमचेच पाईप बघा. मी पाईपवर हात फिरवत भिंतीपर्यंत गेले. माझा हात म्हणजे थर्मामीटर आहे, पोरी. भिंतीतून आत येतानाच ते कोमट आहे."

"म्हणजे वाटेत कुणीतरी..."

"वाट कुठेय? भिंतीपलीकडे इंजिनचीच खोली. चोर शिरायचा तर विटांमधून शिरायला हवा."

बाहेर येताना वकील म्हणाली, "हे तुझ्या बाबांच्या विरुद्ध जातंय."

"मला कळतं."

"मी फक्त सांगितलं."

"तू फक्त सांगितलंस म्हणूनच चालतेय ना मी तुझ्याबरोबर." मी असं म्हणाले खरी, पण हिशेब माझ्याही डोक्यात चालूच होता. पाणी भिंतीपाशीच कोमट, म्हणजे खोलीतच कोमट. मग बाबांना ऐंशी कुठे दिसलं?

५

दुपारपाळीचे काका मूळचे इलेक्ट्रिशियन. त्यांच्या वरच्या खिशात कायम एक टेस्टर असतो, दुसरे लोक पेन ठेवतात तसा. ते त्या भांडणाच्या खुर्चीत बसले नव्हते, एका उलट्या बादलीवर बसले होते. खुर्ची रिकामी होती.

"तुमच्यावर आळ नाही," मी सुरुवातीलाच सांगितलं. वकील खोकली.

"असला तरी हरकत नाही," काका म्हणाले. "माझी रात्रंदिवस तीच पंचाईत चाललीये. मी काय केलं ते मलाच कळत नाही. म्हणजे, मी काहीच केलं नाही, हेच मला आठवतं."

"सोमवारी दुपारी काय झालं?"

"आलो. वही वाचली. बायपास लावणे. शिडी चढलो. बघतो तर लागलेलाच होता. म्हटलं, यांनीच करून ठेवलंय आणि वर लिहूनही ठेवलंय, मला चढउतार घडावी म्हणून. राग आला. खाली आलो, खूण केली."

"म्हणजे झडपेला हात लावला नाहीत?"

"लागलेल्याला आणखी काय लावायचं?"

डोकं भंजाळलं. बाबा म्हणतात मी ती तशीच ठेवून आलो, तुम्ही लावा. काका म्हणतात ती लागलेलीच होती. एक झडप. एक दिवस. मधे कुणी शिरलंच नाही. मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं, बाण काढले, बाणांचे बाण काढले. शेवटी ते पान एखाद्या गुंतलेल्या लोकरीसारखं दिसायला लागलं.

चष्मी इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. "इथूनही हलते," ती म्हणाली.

"काय?"

"पाण्याची टाकी. धुराड्यामागची. वर्गातून बघते तेव्हाही हलते. म्हटलं नंबर वाढला. भूमितीची चाचणी होती ना, त्या मंगळवारपासून. परवा डोळे तपासले, नंबर तोच. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या टाक्या बघ."

"दुसऱ्या हलतात?"

"नाही. हीच."

आम्ही तिला नेहमीप्रमाणे हसलो. मूर्ख आम्हीच.

६

घरी आले तेव्हा माझा चेहरा बहुतेक त्या पानासारखाच झाला होता. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आलीस? दार लाव. आणि पंखा लाव, इथे जीव चाललाय."

मी दार लावलं. मी पंखा लावला. आणि बटणावरचा हात तसाच राहिला.

दार लावलं, म्हणजे बंद केलं. पंखा लावला, म्हणजे चालू केला.

"आई, पुन्हा म्हण."

"काय म्हणू? पंखा लावलास ना? मग उभी का?"

बाबा आयुष्यभर फिटर. टाक्यांची झाकणं, पाईपांची तोंडं, झडपा. त्यांच्यासाठी जगातल्या सगळ्या वस्तू दारं आहेत आणि दार लावायचं म्हणजे मिटायचं. काका इलेक्ट्रिशियन. दिवा लाव, मोटर लाव, हीटर लाव. त्यांच्यासाठी लावायचं म्हणजे सुरू करायचं. बाबांनी लिहिलं, बायपास लावणे: बंद करा. काकांनी वाचलं, बायपास लावणे: चालू करा. वर जाऊन बघितलं तर साफसफाईसाठी उघडलेली आडवाट उघडीच होती. म्हणजे त्यांच्या हिशेबाने लागलेली. खूण केली, उतरले.

कुणीच काही चोरलं नाही. कुणीच काही केलं नाही. सगळ्यांनी खरं सांगितलं आणि ऊब अकरा दिवस धुराड्यातून वर जात राहिली. म्हणून तर चष्मीची टाकी हलत होती. धुराड्यावरची हवा तापून थरथरत होती आणि त्या हवेतून पलीकडचं सगळंच थरथरताना दिसत होतं.

मी दार पुन्हा उघडून पळाले. ते लावायचं राहिलं, हे आई अजून ऐकवते.

७

मॅडम निघायच्या बेतात होत्या. मी धापा टाकत सांगितलं. निम्मं ऐकेपर्यंत त्यांनी पर्स खाली ठेवली होती, उरलेलं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत, शिडीवर होत्या. मी मागोमाग. खाली काका मान वर करून उभे.

"दांडा वर करते," मॅडम म्हणाल्या. "धुराड्याच्या काट्याकडे बघ."

"तो मोडलाय म्हणालात ना."

"बघ तर."

दांडा कुरकुरत वर गेला. कुठेतरी लोखंडावर लोखंड बसल्याचा धप्प आवाज झाला. टोकाला बसलेला काटा आधी हललाच नाही. मग एखाद्याने गाढ झोपेतून कूस बदलावी तसा तो सुटला आणि सावकाश उतरायला लागला. तो मोडलेला नव्हताच. धूर इतका तापला होता की त्याच्या काचेवर तेवढे आकडेच नव्हते. पाण्याचा काटा चढत होता. बावन्न. पंचावन्न. साठ.

काका खालून म्हणाले, "लावणे म्हणजे बंद करणे?" आणि मग स्वतःशीच, "दार लावणे. अरे देवा. दार लावणे."

मॅडम शिडीच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. तेव्हा कळलं की त्या माझ्या ताईएवढ्याच आहेत. "मी खूण बघितली आणि बंद आहे असं धरलं. मीही दारवालीच."

मी इतकी फुगले होते की शिडीवरून उतरायची गरजच नव्हती, तरंगत आले असते. मग वकील, जी नको तेव्हा हजर असते, दारातून म्हणाली, "पण मग रोजचे ऐंशी कुठून आले?"

 इंजिन तेवढं बोलत होतं.

"पाण्याचा काटा अडकला असेल," मॅडम हळूच म्हणाल्या. "मी वाचायच्या आधी त्यालाही टिचकी मारली होती. कदाचित तोवर तो ऐंशीवरच चिकटलेला असेल. तसं लिहिता येईल. मग तुझ्या बाबांवर काही येत नाही. सूचना चुकीची वाचली गेली, एवढंच उरतं."

चुकीची वाचली गेली. कुणी वाचली, ते सगळ्यांना माहीत होतं. काका बादली सरळ करून जागेवर ठेवत होते.

८

बाबांना मी सगळं सांगितलं. लावणे, पंखा, टाकी, काटा. ते लहान मुलासारखे ऐकत होते. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "सुटलो." आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मलाही तिथेच थांबायचं होतं. शपथ, थांबायचं होतं.

"बाबा, शिडीला पायऱ्या किती?"

"चौदा."

"त्या अकरा दिवसांत तुम्ही किती वेळा चढलात?"

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात आपसूक गुडघ्यावर गेला. आई म्हणाली, "डॉक्टरांनी चढायला मनाई केलीये. चार महिने झाले. ऑफिसात कळलं असतं तर घरी बसवलं असतं."

"मावशींनी तीनदा फोन केला होता. तेव्हाही नाही?"

"तेव्हा दुखत होता," बाबा म्हणाले. "आणि इतकी वर्षं तो काटा ऐंशीवरून हललेला नाही. मला वाटलं, ऐंशीच असणार. मी खोटं लिहिलं नाही गं. मी खरं असेल असं लिहिलं."

हे इतकं बाबांसारखं होतं की मला त्यांचा राग येईना आणि दयाही येईना. दोन्ही एकदम यायला लागलं आणि दारातच अडकलं. मी कोडं सोडवलं होतं ना? मग सुटल्यावर ते आधीपेक्षा जास्त का गुंतलं? पहिल्याच दिवशी कुणी चढलं असतं तर एका दिवसाची ऊब गेली असती. काकांनी एक शब्द उलटा वाचला, एकदा. बाबांनी एक शब्द रोज लिहिला, दहा वेळा. आणि उद्या दहा वाजता मोठ्या साहेबांसमोर यातला एकच शब्द जाणार होता.

"मॅडम काट्याचं लिहिणार आहेत ना?" आईने विचारलं. तिचा आवाज अगदी लहान होता. "मग लिहू दे की. त्या स्वतःहून म्हणाल्यात."

"काका काहीच म्हणाले नाहीत," मी म्हणाले. "ते म्हणणारही नाहीत. त्यांना वाटतंय सगळी चूक त्यांचीच."

"तो माणूस सात महिने माझ्याशी बोललेला नाही," बाबा म्हणाले. पण त्यात दम नव्हता, आणि ते त्यांनाही ऐकू आलं.

 पंखा फिरत होता. मला वाटलं, हे नको, मी परत पुढच्या मुलीच्या वेणीत तोंड लपवते. मग मी उठून त्यांच्यासमोर उभी राहिले, दोघांना मी नीट दिसेन अशी.

"आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या मी शाळेत जाणार नाही, तुमच्याबरोबर येणार आहे. एका शब्दाचे दोन अर्थ झाले, हे मी साहेबांना सांगेन. काटा अडकला नव्हता, हे बाबा, तुम्ही सांगायचं, गुडघ्यासकट. मॅडमनी लिहायच्या आधी. मी दाराशी उभी राहून दहा मिनिटं वाट बघेन. तुम्ही नाही सांगितलंत, तर मी सांगेन."